जो विद्यार्थी हा विषय पुन्हा कधीच शिकणार नाही, त्याच्यासाठी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा जो श्रेयांक आराखडा राज्य शासनाने एप्रिल २०२३ मध्ये ठरवून दिला, त्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक आहेत. त्यातले १० ते १२ खुल्या ऐच्छिक विषयांचे, म्हणजे स्टाफरूममध्ये सगळे ज्यांना ‘ओई’ म्हणतात त्यांचे. भाषांचे ८, मूल्यशिक्षणाचे ४, भारतीय ज्ञानप्रणालीचे २. पुढे यात काही फेरफार झाले आणि विद्यापीठागणिक तपशीलही बदलतात, पण मूळ आराखड्याची बेरीज केली तर पदवीचा जवळपास पाचवा हिस्सा मुख्य विषयाच्या बाहेरचा निघतो. ओई तर आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यायचा, अशी अट आहे. विज्ञानाच्या मुलीने इतिहास शिकावा, वाणिज्यच्या मुलाने भूगर्भ समजून घ्यावा, यासाठी बहुतेक महाविद्यालयांना इतकी जागा पहिल्यांदाच मिळते आहे.

हा लेख त्या जागेत काय शिकवायचं हे ठरवणाऱ्यांसाठी आहे. त्यात स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यास मंडळांचे सदस्य आले, विद्यापीठाच्या बास्केटमधून विषय निवडणारे प्राचार्य आले, आणि सत्र सुरू व्हायला थोडे दिवस उरले असताना ‘तुमच्या विभागाचा एक ओई तयार करून द्या’ असा निरोप मिळालेले प्राध्यापकही आले.

ओई कसे तयार होतात हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. कोणत्या विभागाचा वर्कलोड कमी पडतोय ते आधी बघितलं जातं. मग त्या विभागाने प्रथम वर्षाच्या पेपरातली दोन युनिटं उचलायची, शीर्षकात ‘ओळख’ किंवा ‘मूलतत्त्वे’ घालायचं, मागे कोर्स आउटकम्सचा तक्ता जोडायचा आणि मंडळाच्या बैठकीत मंजूर करून घ्यायचं. वर्कलोडची काळजी खोटी नाही. पदं रिकामी आहेत, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं घर त्या तासांवर चालतं. त्यामुळे कोण शिकवणार हे वर्कलोडवरून ठरलं तर समजू शकतं. काय शिकवायचं, हे मात्र त्यावरून ठरता कामा नये.

‘ओळख’ ही ज्याला त्या विषयात पुढे जायचं आहे त्याच्या कामाची. व्याख्या, स्वरूप, व्याप्ती, शाखा, विचारवंत हा सगळा पाया असतो, आणि त्यावर पुढची चार-सहा सत्रं उभी राहायची असतात. ज्याच्यासाठी पुढचं सत्रच नाही, त्याला नुसता पाया देऊन काय उपयोग? भौतिकशास्त्राचा एक विद्यार्थी मानसशास्त्राला आयुष्यात ३० तास भेटणार आहे. त्या ३० तासांत त्याने मानसशास्त्राच्या व्याख्या पाठ केल्या, तर परीक्षेनंतर महिन्याभरात त्या गेलेल्या असतील. त्याऐवजी स्मरण कसं चालतं, घोकंपट्टी का टिकत नाही, उदासी आजार कधी होते, घरातल्या कुणाला तसं झालं तर काय बोलावं आणि कुठे न्यावं, हे त्याला कळलं, तर ते जन्मभर त्याच्याजवळ राहील.

म्हणून ओई आखताना एक वाक्य कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा: हा विद्यार्थी माझा विषय यापुढे कधीच शिकणार नाही. आणि मग स्वतःला विचारा, दहा वर्षांनी त्याच्याकडे यातलं काय उरलेलं असावं? या प्रश्नाचं उत्तर तीन-चार ओळींत लिहिता येईना, तर अजून युनिटं पाडायची वेळ आलेली नाही.

आधीचा अनुभव काय सांगतो

सर्वसामान्य शिक्षणाचा विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालातच पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला विशेष विषयाबरोबर सामान्य शिक्षण मिळावं असा आग्रह धरला होता. मुंबई विद्यापीठाच्या कित्येक पिढ्यांनी ‘फाउंडेशन कोर्स’ दिला आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्याच विद्यार्थ्यांना पर्यावरणाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागू केला, तो तर देशभर गेला.

या पर्यावरणाच्या अभ्यासक्रमाकडे नीट बघा, कारण आपल्याला हवा तो धडा त्यात आहे. कागदावर तो चांगला होता. पन्नास व्याख्यानं, आणि त्यातला शेवटचा घटक क्षेत्रकार्याचा: जवळची नदी, टेकडी किंवा गवताळ रान बघून नोंदी करा, एखादी प्रदूषित जागा पाहा, परिसरातली झाडं, कीटक, पक्षी ओळखा. गुणांची वाटणीही ७५ लेखी आणि २५ क्षेत्रकार्य अशी होती. पुण्याच्या डॉ. एराक भरुचा यांनी आयोगासाठी त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि तेही मनापासून. पुढे काय झालं हे त्या काळात पदवी घेतलेल्या कुणालाही विचारा. कितीतरी ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले, वर्गच भरले नाहीत, आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंच वाचून पेपर दिले गेले. अभ्यासक्रमात खोट नव्हती. वेळापत्रकात त्याला जागा नव्हती, तो शिकवणारा स्वतंत्र माणूस नव्हता आणि प्रकल्प कुणी वाचत नव्हतं.

आखणी करताना हे तिन्ही मुद्दे आशयाइतकेच गंभीरपणे घ्या.

एक कोर्स सविस्तर

नुसती तत्त्वं सांगून उपयोग नाही, म्हणून एक कोर्स पुरता मांडून दाखवतो. नाव ‘आपल्या गावाचं पाणी’. २ श्रेयांक. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, म्हणून एकूण ३० तास. विद्यार्थी कला आणि वाणिज्यचे, जबाबदारी भूशास्त्र किंवा भूगोलाच्या शिक्षकाची. संपूर्ण कोर्स एकाच प्रश्नावर उभा आहे: आपल्या नळाला, विहिरीला येणारं पाणी येतं कुठून, ते कुणाला किती मिळतं, आणि हे ठरवतं कोण?

पहिले सात-आठ तास खडकाचे. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा. या कातळात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमाच्या थरात आणि कातळाच्या भेगांत साठतं. म्हणून एका बोअरला पाणी लागतं आणि शेजारची कोरडी जाते. म्हणूनच ऑगस्टमध्ये तुडुंब असलेली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते. हे फळ्यावर सांगून संपवू नका. दोरी आणि टेप घेऊन विद्यार्थ्यांनी गावातल्या किंवा सोसायटीतल्या दोन विहिरींची पातळी महिन्यातून दोनदा मोजावी, तालुक्याच्या पावसाचे आकडे मिळवावेत. मग हिशेब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. ५०० मिलिमीटर पडला तर ५० लाख लिटर. हा आकडा काढल्यावर वर्गात जी शांतता पसरते तिचा फायदा घ्या आणि लगेच विचारा: मग हे पाणी जातं कुठे? इथून पिकांवर जाता येतं. ऊस २००० मिलिमीटरच्या आसपास पाणी घेतो, रब्बी ज्वारी त्याच्या साधारण पाव पाण्यात येते. वाणिज्यच्या विद्यार्थ्याला इथे ताळेबंद मांडायला सांगा. जमा-खर्च त्याला आपल्यापेक्षा चांगला कळतो.

मग वाटप. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. पाण्याचा वाटा जमिनीवर ठरवायचा नाही, घरातल्या माणसांवर ठरवायचा. भूमिहीनालाही हक्क द्यायचा. उसाला पाणी द्यायचं नाही. हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि दरवर्षीच्या पावसावरून पिकं ठरवायला सुरुवात केली. २००५ मध्ये राज्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आणि सिंचनाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा असे दोन कायदे केले. या सगळ्यावर सहा तास पुरतात. त्यातला एक तास मात्र पूर्ण वादासाठी राखून ठेवा: ज्याच्याकडे जमीन नाही, त्याला पाण्यात वाटा असावा का? बागायतदाराचा मुलगा आणि शेतमजुराची मुलगी एकाच बाकावर असतील, असा तास महाविद्यालयाबाहेर कुठेच होत नाही. वाद तापला तर थांबवू नका, पण प्रत्येकाला आकड्याने बोलायला लावा.

मग इतिहास. पाण्याचा कोर्स करून महाडला न जाणं शक्य नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यावरून झालेला खटला दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, असं ठरवलं. ‘पूर्वापार चालत आलंय’ या दाव्याकडे न्यायालय कसं बघतं, पुरावा काय मागतं, हे विद्यार्थ्यांनी इथे शिकावं. त्याच्या जोडीला महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’, ज्यात त्यांनी १८८० च्या दशकात पाणी अडवण्याचा विचार मांडला. आणि १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिलेली, १९७७ च्या कायद्याने हक्क बनलेली रोजगार हमी. इतिहासाच्या शिक्षकाला या भागासाठी पाच-सहा तास द्या, तासांची नोंद त्याच्या नावावर करा. दुसऱ्या विभागाचा माणूस उपकार म्हणून वर्गात येतो तेव्हा तो दुसऱ्या वर्षी येत नाही.

उरलेल्या तासांत बाहेरचं काम. दोघा-तिघांच्या गटाने ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात जायचं, पाणीपट्टी किती ठरली, किती वसूल झाली, पंपाचं वीजबिल किती, हे विचारायचं. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याशी बोलायचं. दहा घरांत विचारायचं की पाणी भरायला कोण जातं आणि रोज किती वेळ लागतो. ऑफिसने माहिती दिली नाही, तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकाराचा अर्ज कसा करायचा, हेही त्याच कोर्समध्ये आलं. शेवटी गटाने दोन पानी टिपण, एक नकाशा आणि एक तक्ता द्यायचा. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होते. सत्राच्या वेळापत्रकात यातली एखादी तारीख बसवा आणि चांगलं टिपण तिथे वाचू द्या.

या कोर्समध्ये काय गाळलं तेही सांगायला हवं. जलचक्राची आकृती नाही, जलविज्ञानाच्या व्याख्या नाहीत, महाराष्ट्रातल्या नद्यांची यादी नाही, शासकीय योजनांची जंत्री नाही. विषयतज्ज्ञाला हे गाळताना जड जातं. पण ३० तासांत सगळं आणायचं म्हटलं की प्रत्येक गोष्टीला दहा मिनिटं येतात, आणि दहा मिनिटांत माणूस व्याख्येपलीकडे काहीच देऊ शकत नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी हाच कोर्स अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्राने चालवावा. कातळाचे तास कमी, वाटपाचे आणि कायद्याचे जास्त.

इतर विषयांतही हीच रीत चालते. इतिहासाने मराठ्यांचा समग्र इतिहास ३० तासांत कोंबू नये. जानेवारी १६६४ ची सुरतेची स्वारी घ्यावी. त्याच दिवसांत तिथल्या इंग्रज वखारीतून लिहिल्या गेलेल्या नोंदी आणि सुमारे तीन दशकांनी लिहिलेली सभासदाची बखर शेजारी ठेवावी. कोण लिहितोय, कधी, कुणासाठी, त्याने स्वतः काय पाहिलं आणि काय ऐकलं, हे विचारायची सवय लागली, की मोबाइलवर आलेला इतिहासाचा फॉरवर्ड तो विद्यार्थी तसाच पुढे ढकलणार नाही. गणिताने कलाशाखेला कलन शिकवू नये, घरात लागणारं गणित शिकवावं. क्रेडिट कार्डावर महिना ३ टक्के व्याज म्हणजे वर्षाला ३६ टक्के नव्हे, चक्रवाढीने जवळपास ४३ टक्के. किंवा हे पाहा: हजार माणसांत दहा आजारी आहेत. चाचणी त्यातल्या नऊ जणांना बरोबर पकडते, पण निरोगी ९९० पैकी ५ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ५० जणांना, चुकून आजारी ठरवते. मग चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आलेला माणूस खरोखर आजारी असण्याची शक्यता किती? ५९ पैकी ९, म्हणजे १५ टक्के. हे उदाहरण कळलेला पदवीधर रिपोर्ट हातात घेऊन घाबरून जाणार नाही, दुसरी तपासणी करून घेईल.

किती कोर्स ठेवायचे

बास्केट मोठी दिसावी म्हणून पंधरा ओई जाहीर करून त्यातले अकरा ‘विद्यार्थीसंख्या अपुरी’ म्हणून बंद करणं, हा विद्यार्थ्यांवर अन्याय आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या, मोजके पूर्णवेळ शिक्षक असलेल्या महाविद्यालयाने चार चांगले कोर्स चालवावेत. निवड कमी झाली याचं वाईट वाटून घेऊ नका. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या कोलंबिया कॉलेजात १९१९ पासून समकालीन संस्कृतीवरचा एकच कोर्स पदवीच्या सगळ्या विद्यार्थ्यांना घ्यावा लागतो आणि तो आजही चालू आहे. सगळ्यांनी एकच गोष्ट वाचलेली असली की हॉस्टेलवर, कँटीनमध्ये तिच्यावर बोलणं होतं. ज्या विषयाला आपल्याकडे शिक्षकच नाही त्यासाठी ‘स्वयम्’वरचे कोर्स जरूर वापरा, नियमांनी एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतच्या श्रेयांकांना तशी मुभा दिली आहे. पण व्हिडिओ पाहणाऱ्या मुलांना आठवड्यातून एकदा एखाद्या शिक्षकाबरोबर बसवा, नाहीतर तो पुन्हा एकट्याने उरकायचा पेपर होतो.

वाचनाचं साहित्य मराठीतही द्या, माध्यम इंग्रजी असलं तरी. मराठी विश्वकोशाच्या नोंदी आंतरजालावर मोफत आहेत, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकंही. आठवड्याला दहा-बारा पानं, तेवढीच, पण ती वाचूनच वर्गात यायचं. उत्तर मराठीत लिहायची मोकळीक असेल, तर एरवी गप्प बसणारी मुलं लिहू लागतात. परक्या विषयात परक्या भाषेचं ओझं वर चढवू नये.

गुण कशाला

कोर्स जगेल की मरेल हे परीक्षेवर ठरतं. पर्यावरणाच्या विषयात ते घडून गेलं आहे. विद्यार्थी गुणांच्या मागे जातो यात त्याचा दोष नाही; गुण योग्य ठिकाणी ठेवणं आपलं काम. ५० गुणांचा पेपर असेल आणि नियम परवानगी देत असतील, तर किमान निम्मे गुण वर्गात आणि बाहेर केलेल्या कामाला द्या. घरून लिहून आणायचा निबंध आता काढून टाका. मोबाइलवरची कृत्रिम बुद्धिमत्ता तो मिनिटात लिहून देते, आणि ते पकडत बसण्यात शिक्षकाचं आयुष्य जाईल. त्याऐवजी जे फक्त त्याच्या गावात आहे ते मागा: विहिरीची पातळी, पाणीपट्टीची पावती, शेजारच्या आजीने सांगितलेला बहात्तरचा दुष्काळ. आणि त्यावर तोंडी विचारा. ८० विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच मिनिटं दिली तर सात तासही लागत नाहीत. दोन दिवसांचं काम आहे, आणि त्या पाच मिनिटांत जे कळतं ते ८० उत्तरपत्रिका तपासूनही कळत नाही. नोंदवहीला दर पंधरवड्याला सही आणि एखादी ओळ शेरा. हे वेळखाऊ आहे, म्हणूनच एका शिक्षकाकडे अशा कोर्सची एकच तुकडी असावी आणि प्राचार्यांनी तपासणीचा वेळ वर्कलोडमध्ये धरावा.

कामाचा क्रमही उलटा करा. आधी प्रश्न ठरवा, मग विद्यार्थी शेवटी काय करून दाखवणार ते, मग त्यासाठी काय वाचावं लागेल ते, आणि त्यानंतर तासांची वाटणी. कोर्स आउटकम्सचा तक्ता सगळ्यात शेवटी भरा. तो भरायलाच हवा, पण त्याच्यापासून सुरुवात केली की क्रियापदं जमतात आणि कोर्स हरवतो. वेळापत्रकात ओईला शेवटचा तास किंवा शनिवार देऊ नका. तो तास मुलं शिकत नाहीत, बस पकडतात.

मंडळात मसुदा मांडण्याआधी आणखी दोन गोष्टी कराव्यात. पाच वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेल्या चार-पाच माजी विद्यार्थ्यांना बोलवा. बँकेत, शेतावर, दवाखान्यात, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत असतील ते. पदवीत काय शिकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, हे त्यांना विचारा आणि लिहून घ्या. मग मसुदा दुसऱ्या विद्याशाखेच्या एका सहकाऱ्याला वाचायला द्या. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने इतिहासाचा ओई वाचून ‘या वर्गात मी स्वतः बसेन’ असं म्हटलं, तर तो मंडळापुढे न्या. ती तसं म्हणाली नाही, तर पुन्हा लिहा.

अभ्यास मंडळाच्या अध्यक्षांना माझी विनंती आहे. येत्या जूनपासून सगळी बास्केट बदलू नका. एक कोर्स घ्या, साठ विद्यार्थी घ्या, मनापासून शिकवायची तयारी असलेला एक शिक्षक घ्या आणि त्याला दोन वर्षं त्या कोर्सवरून हलवू नका. दुसऱ्या वर्षी तो सुधारेल. आणि त्याचं वाचन साहित्य, प्रश्न, विद्यार्थ्यांची टिपणं शेजारच्या महाविद्यालयांना मोकळ्या हाताने द्या; त्यांच्याकडेही श्रेयांकांचा तोच आराखडा आहे आणि तितकेच कमी शिक्षक.